एका अर्जाचा खाडा

पहाटे 4:45
जनता वसाहतीत पाणी येण्याआधी नळ खाकरतो. ताई तोवर उठलेल्या असतात. त्या घरोघरी पोळ्या करतात. आज दिवसभर मी त्यांच्याबरोबर आहे. एक पिंप, पाच हंडे, दोन बादल्या. पुण्यात पर्वतीच्या उतारावरची वस्ती. वरच्या गल्लीत दाब कमी, आणि खालच्या दोन घरांनी मोटर लावलेली. त्यावरून रोज कुरबुर होते. आज ताई काही बोलल्या नाहीत. हंडे लावले, कणीक भिजवली, केस बांधले.

मुलगा भिंतीकडे तोंड करून झोपलाय. सहावीत आहे. शाळा दुपारची, बारा वीसची. हल्ली अधूनमधून सकाळी पोट दुखतं म्हणतो. डॉक्टरांनी शंभर रुपये घेतले आणि गॅसची गोळी दिली. पोट दुखायचं काही थांबलं नाही.

भिंतीवर कालनिर्णय. रकान्यात दुधाच्या खुणा, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाचे खाडे. आणि जुलैपासून पेन्सिलीने बारीक अक्षरात वेगळंच काही. ‘बटन तुटलं.’ ‘डबा तसाच.’ ‘10 रु. मागितले, कशाला सांगत नाही.’ ‘वही भिजली.’ कालच्या रकान्यात ‘दंडावर वळ’. ताई आठवी शिकल्यात. हे लिहून ठेवायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दूधवाल्याशी वाद नको म्हणून आपण टिपून ठेवतो ना, तशा त्या टिपत गेल्या.

नवरा मार्केट यार्डात हमाल आहे, तो चारलाच गेला. काल रात्री वळ बघून म्हणत होता, शाळेच्या दारात उभा राहतो आणि एकेकाला दोन ठेवून देतो. ताईंनी त्याला जेवायला वाढलं आणि मुलीला फुलस्केप आणायला सांगितलं. मुलगी अकरावीला. अक्षर चांगलं आहे, म्हणून शाळेला द्यायचा अर्ज तिने लिहिला.

त्यांनी जुलै आणि ऑगस्टची पानं फाडून घेतली, गुंडाळी करून रबर लावला आणि पिशवीत ठेवली.

सकाळी 6:10
दांडेकर पुलावरून बस. आनंदनगरपर्यंत दहा रुपये. कमीत कमी तिकीट पूर्वी पाच होतं, असं त्या कंडक्टरला ऐकू जाईल असं म्हणतात. कंडक्टर बाहेर बघतो.

पाच घरं आहेत. तीन घरी नुसत्या पोळ्या, प्रत्येकी अठराशे. दोन घरी पोळी-भाजी, प्रत्येकी पस्तीसशे. सगळं आलं तर बारा हजार चारशे. महिन्याला दोन खाडे माफ. तिसऱ्याला कापतात. ऑगस्टचे दोन खाडे मुलाच्या पोटदुखीत गेलेत.

सकाळी 6:40
पहिलं घर. सोळा घडीच्या पोळ्या. ओटा उंच, ताई बुटक्या, म्हणून पायाखाली जुना पाट ठेवलाय. पोळपाटाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली दुधाच्या पिशवीची घडी. लाटणं एका लयीत चालतं. एक पोळी तव्यावर, एक पोळपाटावर, तिसरीचा उंडा डाव्या हातात. सोळा पोळ्यांना पंचवीस मिनिटं. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला तव्याच्या कडेचे चार-पाच डाग आहेत, काही जुने, काही ताजे.

इथल्या मॅडम आयटीत. कानात वायर. त्यांना सांगितलं, ‘दुपारी शाळेत जायचंय.’ त्यांनी अंगठा वर केला. यांच्याकडे दुपारचं काम नाहीच.

सकाळी 8:15
तिसरं घर काकूंचं. काकू जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्या. पुष्कळ वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली. ताईंनी अर्ज त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि तवा तापत ठेवला.

काकूंनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं.

‘‘गुंड प्रवृत्तीची मुलं’, हे काढ.’

‘गुंडच आहेत काकू.’

‘असतील. पण ते वाचलं की बाई त्या मुलांची बाजू घ्यायला लागतील. काय केलं ते लिही. कुठे केलं, किती वाजता, कोण बघत होतं.’

तव्यावर पोळी फुगली. ताईंनी ती उलथली आणि तिकडे न बघताच सांगायला लागल्या. मधली सुट्टी. पाण्याची टाकी. सातवीतली दोन मुलं आणि याच्याच वर्गातला एक. आधी नुसतं ‘पोळीवालीचा’ म्हणून चिडवायचे. मग रोज दहा रुपये आण म्हणाले. नाही आणले त्या दिवशी डबा टाकीत बुचकळला. घरी सांगितलंस तर बहिणीला रस्त्यात गाठू, म्हणाले. काल दंड पिरगळला.

काकू लिहून घेत होत्या. एकदा पेन थांबलं. ‘बहिणीबद्दलचं त्यांच्याच शब्दांत लिही. ती धमकी आहे.’

शेवटी मुलीने लिहिलं होतं, ‘तरी संबंधितांवर कडक कारवाई करावी, ही नम्र विनंती.’ काकूंनी तेही खोडलं. म्हणाल्या, कारवाई म्हणजे काय ते त्या ठरवणार, आणि केली म्हणून सांगून मोकळ्या होणार. त्याऐवजी त्यांनी घातलं, ‘माझ्या मुलाला पुन्हा त्रास होऊ नये यासाठी शाळा काय करणार आहे, ते आठ दिवसांत लेखी कळवावे.’

मला हे वाक्य फार आवडलं. शिक्षा मागितली की ती एकदा देऊन विषय बंद करता येतो. व्यवस्था मागितली तर ती रोज पाळावी लागते.

ताईंनी हळूच विचारलं, ‘काकू, अंगाला नको तिथे हात लावला असता तर?’

‘लावलाय?’

‘नाही. मी विचारलं त्याला. दोनदा.’

‘तसं असतं तर शाळेची वाट बघायची नाही. आधी पोलीस. त्याला पॉक्सो कायदा आहे, 2012 पासून. मोठी जखम असली तरी पोलीसच. चौकीत विचारायचं, बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत.’

मग एका जुन्या पाकिटाच्या मागे त्यांनी पुढचा रस्ता लिहून दिला. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र. मग शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश पालकच असतात आणि अध्यक्षही पालक असतो, त्याला प्रत द्यायची. मग महापालिकेचा शिक्षण विभाग. शिक्षण हक्क कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाखाली लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो. त्यानेही भागलं नाही तर मुंबईला बालहक्क आयोग. आणि सगळ्यात खाली मोठ्या आकड्यात मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर, 1098. ‘हा फोन फुकट आहे, रात्री दोनलाही लागतो. मुलालाही पाठ करून ठेव म्हणावं.’

‘आणि एक. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलायचं नाही. मी हलू देत नसे कुणाला.’ मग हसून म्हणाल्या, ‘म्हणजे, द्यायची टाळाटाळ करायचे मी, पण लोक हलायचे नाहीत.’

अर्ज पुन्हा लिहायला ताईंना पस्तीस मिनिटं लागली. काकूंच्या डायनिंग टेबलावर, पिठाचे हात पुसून. तेवढ्या वेळात काकूंनी उरलेल्या चार पोळ्या स्वतः लाटल्या. एक जरा नकाशासारखी झाली.

सकाळी 10:30
चौथ्या आणि पाचव्या घरचं दुपारचं काम आज नाही, ते फोन करून सांगितलं. चौथ्या घरच्या बाई म्हणाल्या, ‘ठीक आहे, शंभर कमी होतील.’ पाचव्या म्हणाल्या, ‘आज पाहुणे होते हो.’ मग बराच वेळ काहीच नाही. मग, ‘बघू महिन्याअखेरीस.’

सकाळी 10:50
झेरॉक्सचं दुकान. तिथल्या पोराने कालनिर्णयची पानं उलगडली आणि म्हणाला, ‘मागचं छापून येईल.’ पानामागे राशिभविष्य. त्याने काळा कागद मागे धरला, झाकण दाबलं, एका पानाच्या दोन अर्ध्या प्रती काढल्या. पेन्सिल फिकी म्हणून मशीन गडद केलं. दोन पानांच्या चार अर्ध्या, दोन संच. अर्जाच्या दोन प्रती. दहा कागदांचे वीस रुपये. मोबाईलमधल्या वळाच्या फोटोची रंगीत प्रिंट पंधरा. पस्तीस झाले.

ताईंनी एकेक कागद उजेडात धरून बघितला. ‘ही तारीख नीट दिसत नाही. परत काढ.’ पोराने कुरकुरत काढली. जास्तीचे पैसे मागितले नाहीत.

सकाळी 11:30
घरी. मुलाची आंघोळ झालीय, गणवेश घातलाय, बूट घालत नाहीये.

‘तू येऊ नको.’

‘का?’

‘चुगली केली म्हणून अजून मारतील.’

ताई खाली बसल्या, त्याच्या बुटाची नाडी ओढली. लगेच काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मी तुझ्याबरोबर येणार नाही. तू पुढे जा. प्रार्थना झाली की मी ऑफिसच्या दाराने जाते. तुझ्या वर्गाकडे येणार नाही. त्या मुलांना बघणारसुद्धा नाही.’

‘खरं?’

‘खरं.’

‘आणि पप्पा?’

‘पप्पा यार्डात आहेत.’

त्याने दुसरा बूट घातला. निघताना विचारलं, ‘आज दहा रुपये देऊ का नको?’

ताई म्हणाल्या, ‘आज मधली सुट्टी होईपर्यंत मी शाळेत असेन. वर्गातच बस. डबा तिथेच खा.’ पैसे दिले नाहीत.

दुपारी 12:35
शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. सकाळी आठवी ते दहावी, दुपारी पाचवी ते सातवी. गेटवर शिपाई. ‘पालकांनी शनिवारी यायचं.’ ‘अर्ज द्यायचाय.’ ‘शनिवारी द्या.’ ‘ऑफिस उघडं आहे ना?’ शिपायाने एकदा ताईंकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि रजिस्टर पुढे केलं. नाव, वेळ, काम. कामाच्या रकान्यात ताईंनी लिहिलं, ‘तक्रार’.

व्हरांड्यात बाकडं. समोर भिंतीवर सखी सावित्री समितीचा, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या समितीचा फलक, त्यावरच्या एका नावाला पांढरा रंग फासलाय. त्या बाई बदलून गेल्या. फलकाखाली तक्रारपेटी. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर, ऑगस्ट 2024 मध्ये, शासनाने निर्णय काढून कॅमेरे आणि पेट्या सगळ्या शाळांना सक्तीच्या केल्या. इथे दोन्ही आहेत. पेटी नेमकी मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, दाराला लागून आणि कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. तिच्यात चिठ्ठी टाकायला सहावीतल्या पोराला वाघाचं काळीज पाहिजे.

दुपारी 1:05
क्लार्क चांगले होते, पण घाईत. ‘ठेवून जा, बाईंना देतो.’

‘पोच द्या.’

‘अहो, आपलीच शाळा आहे.’

‘हो. पोच द्या.’

‘बाईंना विचारावं लागेल.’

‘विचारा. मी बसते.’

ते आत गेले, बाहेर आले, ड्रॉवर उघडला. शिक्का सापडला, पॅड सुकलेलं. त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. पहिला शिक्का उमटलाच नाही. दुसरा अर्धा उमटला. तिसऱ्याला दोन्ही हातांनी दाब दिला. आवक नंबर, तारीख, सही. ताईंनी कागदावर फुंकर घातली, शाई वाळू दिली आणि तो पिशवीत सर्वांत आत, पैशांच्या कप्प्यात ठेवला.

दुपारी 1:50
मोठ्या बाईंच्या टेबलावर तीन गठ्ठे. आधार जुळणी, शिष्यवृत्ती, मतदार याद्या. अर्ज वाचून त्या म्हणाल्या, ‘मुलं आहेत. थोडीफार मस्ती चालतेच.’ मग वर्गशिक्षिकांना बोलावलं.

‘मला कधी काही बोलला नाही तो,’ वर्गशिक्षिका म्हणाल्या.

‘नाही बोलला,’ ताई म्हणाल्या. ‘वर्गात बासष्ट मुलं आहेत, बाई. कधी बोलणार?’

वर्गशिक्षिका म्हणाल्या, त्याला पहिल्या बाकावर बसवते, माझ्याजवळ. ताईंनी मान हलवली. ‘त्याची जागा कशाला बदलता? त्याने काय केलंय?’

मोठ्या बाईंनी फोटो बघितला. मग कालनिर्णयच्या प्रती टेबलावर जोडून लावल्या आणि पेन्सिलीच्या नोंदी बोटाने वाचत गेल्या. मधेच थांबल्या. परत वरून सुरू केल्या. ‘हे सगळं मंगळवारी आणि शुक्रवारीच कसं?’

खोलीत कुणी काही बोललं नाही. ताईंच्याही हे लक्षात आलं नव्हतं. त्या तारखा बघत होत्या, वार नाही.

वेळापत्रक मागवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर सहावी आणि सातवी दोघांचा खेळाचा तास. पी.टी.चे सर एकच. त्या दोन दिवशी ते मधल्या सुट्टीतच कबड्डीचं मैदान आखायला जातात, म्हणजे टाकीपाशी कुणीच नाही. इतर दिवशी ते तिथेच उभे असतात.

सरांना बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मॅडम, माझ्याकडे द्या ती तिघं. दोन फटक्यांत सरळ करतो.’

मोठ्या बाई म्हणाल्या, ‘नाही देता येत फटके. 2009 चा कायदा आहे, सर. त्यांनी हात उगारला म्हणून आपण उगारायचा, तर त्यांना नावं कशाला ठेवायची?’

ताईंनी नवऱ्याचं म्हणणंही सांगून टाकलं. ‘याचे वडील म्हणतात, त्या मुलांचा दाखला हातात द्या.’ मोठ्या बाई म्हणाल्या, आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, तोच कायदा. ‘आणि काढलं तरी ती तुमच्याच गल्लीत राहणार ना?’ हे मात्र ताईंना पटलं. तिघांतला एक खरंच दोन गल्ल्या सोडून राहतो.

मग कामाचं बोलणं झालं. मंगळवारी-शुक्रवारी मैदान शाळा भरण्याआधी आखायचं. मधल्या सुट्टीत टाकीपाशी सर. सर रजेवर असतील तर शिपाई. कॅमेऱ्यात टाकी दिसत नाही, तर कॅमेऱ्याचं तोंड वळवायचं. कालचं फुटेज पुसलं जाण्याआधी काढून ठेवायचं. मैदानातून परतताना जिन्यात काही दिसतंय का बघायचं. तिन्ही मुलांशी वेगवेगळं बोलायचं, एकत्र नाही. याला त्यांच्यासमोर उभं करायचं नाही. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांदेखत माफी मागायला लावू का, असं वर्गशिक्षिकांनी विचारलं. ताई झटकन म्हणाल्या, ‘नको. मग सगळ्या शाळेला कळेल मार कुणी खाल्ला.’

शनिवारी अकरा वाजता त्या तिघांच्या पालकांना बोलावणार. ताईंनीही यायचं.

‘हे लिहून द्याल?’

मोठ्या बाईंनी सुस्कारा टाकला. बराच मोठा. मग पोच घेतलेल्या प्रतीच्या समासातच निळ्या पेनाने लिहिलं. वार, जागा, सरांचं आडनाव, शिपायाचं नाव. खाली सही.

दुपारी 3:05
मधली सुट्टी. ताई व्हरांड्यातून टाकीकडे बघत उभ्या. आज बुधवार. सर तिथे आहेत. मुलगा वर्गाच्या दारात आला, त्याने आईला बघितलं आणि ओळख न दाखवता आत गेला. ठरलं होतं तसं. ताई निघाल्या.

बाहेर चहाच्या गाडीवर कटिंग घेतला. सकाळपासून पोटात काकूंकडचा अर्धा कप चहा होता फक्त. मी पैसे देऊ केले, त्यांनी ऐकलं नाही. दोघांचे दिले.

संध्याकाळी 4:15
पुन्हा बस, पुन्हा दहा रुपये. पाहुणे आहेत म्हणणाऱ्या बाईंकडे त्या संध्याकाळच्या पोळ्यांना तासभर आधीच गेल्या. दुपारची भांडी ओट्यावर तशीच होती. ती ताईंचं काम नाही. तरी घासली. बाईंनी बघितलं, बोलल्या नाहीत.

संध्याकाळी 7:40
वाण्याच्या दुकानात, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या त्या वर्गातल्या मुलाची आई भेटली. शाळेतून फोन गेला असणार. ती एका हॉस्पिटलात आया आहे, रात्रपाळीला. अंगावर गणवेशाची साडी, हातात बिस्किटचा पुडा.

‘तुम्ही माझ्या पोराचं नाव दिलं?’

‘दिलं.’

‘मला आधी सांगायचं होतं. एका वस्तीतल्या आपण.’

काकूंनी बजावलं होतं, त्यांच्या घरी जाऊ नको, रस्त्यात बोलू नको, जे काय ते शाळेत. ताई म्हणाल्या, ‘शनिवारी बोलू, बाईंसमोर.’ आणि साखरेची पिशवी उचलली.

ती मागून म्हणाली, ‘त्यालाही सातवीतल्या त्या दोघांनी मारलंय जूनमध्ये. तेव्हापासून त्यांच्यात फिरतो. मी रात्री नसते घरी.’

ताई थांबल्या. ‘हे शनिवारी सांगा. हेच सांगा.’

‘शनिवारी अकराला मी झोपेत असते, ताई. सकाळी नऊला सुटते.’

‘तरी या.’

ती बिस्किटांचे पैसे देऊन गेली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

रात्री 9:30
मुलाने दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. डबा रिकामा आला होता. बहिणीने त्याच्याकडून 1098 पाठ करून घेतला. नवऱ्याने समासातलं लिखाण दोनदा वाचलं. ‘सही आहे?’ ‘आहे.’ ‘बरं.’ दोन ठेवून देण्याचं त्याने पुन्हा काढलं नाही. निदान आज नाही.

ताईंनी हिशेब केला. झेरॉक्स पस्तीस. सकाळचं जाणं-येणं वीस, संध्याकाळचं वीस. चहा वीस. एका घरचे शंभर गेले, दुसऱ्या घरचं माहीत नाही.

तेवढ्यात मोबाईल वाजला. पाचव्या घरच्या बाईंचा मेसेज, मुलीने वाचून दाखवला. आजचे एकशे पंधरा कापलेत. आणि शनिवारी यायचं नसेल तर आधी कळवा, त्याचेही कापावे लागतील.

ताईंनी मुलीला उत्तर लिहायला सांगितलं. ‘शनिवारी दुपारी येणार नाही. कापा.’